विश्लेषण : ‘स्थिर’ दख्खनची जमीन का हादरते? भूजलाशी त्याचा संबंध किती?

हिंगोली आणि नांदेडमध्ये मार्च आणि जुलैत, तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत... २०२४ या एकाच वर्षात राज्यातील मोठ्या भूभागाने भूकंपाचे धक्के अनुभवले. प्रत्येक धक्क्यानंतर दोन प्रश्न हमखास विचारले जातात. हिमालयापासून इतक्या दूर भूकंप कसा? आणि पाण्यासाठी जमिनीची केलेली चाळण याला कारणीभूत तर नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे स्पष्ट आहे. दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येत नाही. पण मोजमाप करून नक्की देता येते.

हादरे कुठे बसले?

२१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी हिंगोली जिल्ह्यात ४.५ रिश्टर तीव्रतेचा भूकंप झाला. लोक घराबाहेर येऊन सावरत असतानाच अकरा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा दुसरा धक्का बसला. १० जुलैला सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ तीव्रतेची नोंद झाली. तिन्ही वेळा धक्के हिंगोलीसह नांदेड आणि परभणीत जाणवले. वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे परिसरात तर जमिनीतून येणारे गूढ आवाज गेली काही वर्षे ग्रामस्थांच्या सवयीचे झाले आहेत.

४ डिसेंबरचा भूकंप वेगळ्या ठिकाणचा होता. त्याचे केंद्र तेलंगणातील मुलुगु जिल्ह्यात होते, तीव्रता ५.३. हा पट्टा गोदावरीच्या खोऱ्यातील खचलेल्या भूभागात येतो. तेथे १९६९ मध्ये भद्राचलमजवळ ५.७ तीव्रतेचा भूकंप झालेला आहे. म्हणजे पंचावन्न वर्षांनी तोच पट्टा पुन्हा हलला. वृत्तवाहिन्यांनी मार्च, जुलै आणि डिसेंबरच्या घटना एकाच माळेत ओवल्या असल्या, तरी मराठवाड्यातील धक्के आणि मुलुगुचा भूकंप ही एकाच भेगेची करामत नव्हे. त्यांना जोडणारा धागा आहे, पण तो बराच मागे, हिमालयापर्यंत न्यावा लागतो.

भूपट्टाच्या मधोमध भूकंप कसा?

पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते लहानमोठ्या भूपट्टांचे, म्हणजे टेक्टॉनिक प्लेट्सचे बनलेले आहे. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटीमीटर वेगाने ईशान्येकडे सरकतो. साधारण नखे वाढण्याच्या वेगाने. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो युरेशियन भूपट्टाला धडकला आणि हिमालय उभा राहू लागला. ही धडक अजून संपलेली नाही. पाचपैकी सुमारे दोन सेंटीमीटर सरकणे हिमालयाच्या पायथ्याशी अडकते आणि दशकानुदशके साचत राहते. ते एकदम सुटते तेव्हा २०१५ च्या नेपाळसारखा ७.८ तीव्रतेचा भूकंप होतो.

पाठ्यपुस्तकातील चित्र येथेच थांबते आणि त्यातून एक गैरसमज तयार होतो. भूकंप फक्त भूपट्टांच्या कडांवर होतात आणि दख्खनचे पठार हे ‘स्थिर ढालक्षेत्र’ आहे, असा तो समज. वास्तविक हिमालयात पुढचे तोंड अडले की त्याचा दाब मागच्या संपूर्ण भूपट्टातून जातो. भरलेली बैलगाडी चढावर अडली तर ताण जोखडावरच येतो असे नाही, साटा, धुरी, आरे सगळेच कुरकुरतात. आणि जो सांधा आधीच सैल असतो तो प्रथम आवाज करतो.

भारतीय द्वीपकल्पात असे जुने सांधे बरेच आहेत. नर्मदा-सोन खोरे हा त्यातील सर्वांत ठळक. १९९७ मध्ये जबलपूरला ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला तो येथेच. गोदावरी खोरे हा दुसरा. हे सांधे कोट्यवधी वर्षांपूर्वी खंड फुटताना तयार झाले आणि नंतर झाकले गेले, पण बुजले नाहीत. फरक इतकाच की हिमालयात ताण वर्षाला सेंटीमीटरच्या हिशेबाने साचतो, तर द्वीपकल्पाच्या आत वर्षाला एक-दोन मिलिमीटरचीही हालचाल मोजायला मिळत नाही. त्यामुळे येथे एकाच भेगेवर दोन मोठ्या भूकंपांमध्ये हजारो वर्षे जाऊ शकतात. मानवी स्मृतीला एवढा काळ म्हणजे ‘येथे कधीच भूकंप झाला नाही’ असाच वाटतो. किल्लारीच्या बाबतीत नेमके हेच घडले होते. १९९३ पूर्वीच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होता.

काळ्या पाषाणाखाली काय आहे?

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. राज्याचा चार-पंचमांशाहून अधिक भाग बेसाल्टने झाकलेला आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा वाहिला, थरावर थर साचले आणि आजही पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलेले ‘दख्खन ट्रॅप’ तयार झाले. सह्याद्रीच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कड्यांत हे थर उघड्या डोळ्यांनी मोजता येतात. मात्र भूकंप ज्या खडकात होतात तो याखाली आहे, आणि तो दिसत नाही.

हे पांघरूण सगळीकडे सारखे जाडही नाही. किल्लारीच्या भूकंपानंतर तेथे खोदलेल्या छिद्रात बेसाल्ट सुमारे ३३८ मीटरवर संपला. कोयना परिसरातील गोठणे येथे तो संपायला १,२४७ मीटर लागले. त्याखाली आहे अब्जावधी वर्षे जुना ग्रॅनाइट आणि नाइस, आणि त्यातल्या भेगा. भूगर्भशास्त्रज्ञ जेव्हा मराठवाड्यातील एखाद्या धक्क्याबद्दल ‘नेमका कोणता भ्रंश हे सांगता येत नाही’ असे म्हणतात, तेव्हा ती टाळाटाळ नसते. जमिनीवर त्या भ्रंशाची खूणच उमटलेली नसते. ती शोधायची तर परिसरात दाट भूकंपमापक लावून, बारीक धक्क्यांची ठिकाणे जोडून रेघ काढावी लागते. थोडक्यात, भूकंपानेच भूकंपाचा पत्ता सांगायचा.

कोयनेने काय शिकवले?

पाणी आणि भूकंप यांच्या नात्याचा जगातील सर्वांत लांब चाललेला धडा महाराष्ट्रातच आहे. कोयना धरणाची उंची १०३ मीटर. शिवसागर जलाशय १९६२ पासून भरू लागला आणि पाठोपाठ परिसरात बारीक हादरे सुरू झाले. १९६७ च्या सप्टेंबरमध्ये पाचपेक्षा अधिक तीव्रतेचा धक्का बसला. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. सुमारे दोनशे जणांचा जीव गेला, धरणाच्या भिंतीला तडे गेले आणि ती नंतर मजबूत करावी लागली. जलाशयामुळे चालना मिळालेल्या भूकंपांत हा आजही जगातील सर्वांत मोठा मानला जातो.

खरे वैशिष्ट्य पुढे आहे. जगात इतर ठिकाणी धरण भरल्यानंतर काही वर्षांत हादरे विरतात. कोयनेत ते साठ वर्षांनंतरही सुरू आहेत. सुमारे तीस किलोमीटर लांब आणि वीस किलोमीटर रुंद एवढ्याशा पट्ट्यात पाच किंवा अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त आणि चारहून अधिक तीव्रतेचे दोनशेच्या आसपास भूकंप नोंदले गेले. १९८५ पासून जवळचे वारणा धरण भरू लागले तेव्हा हादऱ्यांचे केंद्र दक्षिणेकडेही सरकले. भूभौतिकशास्त्रज्ञ हर्ष गुप्ता यांनी या नोंदींचा अनेक दशके पाठपुरावा केला. जलाशयाची पातळी किती वेगाने वाढते, ती किती काळ उंच राहते आणि पूर्वीचा उच्चांक ओलांडते का, या तीन गोष्टींशी हादऱ्यांचा संबंध त्यांनी दाखवला. आठवड्याला बारा मीटरहून अधिक वेगाने पाणी चढणे ही पाचच्या पुढच्या भूकंपांसाठी महत्त्वाची अट असल्याचे त्यातून पुढे आले. ‘पुरेशी अट’ असा दावा मात्र कोणी केलेला नाही. अनेक वर्षी पाणी भराभर चढले आणि काहीच झाले नाही.

एवढी लहान, ठरावीक आणि सतत हलणारी जागा दुसरीकडे मिळणे कठीण. म्हणून केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने कराडमध्ये स्वतंत्र प्रयोगशाळा उभारली आणि २०१७ मध्ये गोठणे येथे तीन किलोमीटर खोल छिद्र पूर्ण केले. भूकंप जेथे जन्मतो त्या खडकात थेट उपकरणे ठेवणे हा यामागचा उद्देश आहे. भारतात भूकंप संशोधनावर झालेल्या खर्चात हा खर्च सर्वांत सार्थकी लागणारा ठरू शकतो. त्याची चर्चा मात्र सातारा जिल्ह्याबाहेर फारशी होत नाही.

पाणी भूकंप ‘घडवते’ का?

धरणातल्या पाण्याच्या ओझ्याने जमीन दबते आणि म्हणून भूकंप होतो, ही समजूत सर्वत्र आहे. हिशेब केला तर ती अपुरी ठरते. शंभर मीटर खोल पाण्याचा तळाशी दाब होतो सुमारे दहा वातावरणांइतका. पाच किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब तेराशे वातावरणांच्या आसपास असतो. म्हणजे जलाशयाने घातलेली भर शेकड्याला एकही नाही. मग एवढ्याने काय होते?

दोन गोष्टी होतात. पहिली, भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट दाबून धरलेल्या असतात आणि या दाबातूनच त्यांचे घर्षण टिकते. खडकाच्या फटींतून पाणी हळूहळू खाली झिरपते. त्याचा दाब भेगेच्या आत वाढतो आणि दोन्ही बाजूंना किंचित सुटे करतो. ओल्या फरशीवर पाय घसरतो त्यापेक्षा, पाण्याने भरलेल्या टायरखाली गाडी तरंगू लागते त्याच्याशी याचे साम्य अधिक आहे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ही भेग आधीच घसरण्याच्या बेताला आलेली असावी लागते. तो ताण भूपट्टाच्या सरकण्यातून लाखो वर्षांत आलेला असतो. पाणी फक्त वेळ ठरवते. म्हणूनच शास्त्रज्ञ कोयनेच्या भूकंपांना ‘जलाशयनिर्मित’ न म्हणता ‘जलाशयाने चालना दिलेले’ म्हणतात. हा शब्दच्छल नाही. देशात हजारो धरणे आहेत आणि कोयना एकच आहे, याचे स्पष्टीकरण या एका शब्दात दडलेले आहे.

याचा पडताळा जगात इतरत्रही मिळाला. अमेरिकेत डेन्व्हरजवळ १९६२ पासून एका लष्करी कारखान्याचे सांडपाणी साडेतीन किलोमीटरहून खोल विहिरीत दाबून सोडले जात होते. हादरे सुरू झाले, १९६६ मध्ये पाणी सोडणे थांबवले, आणि तरीही त्यातील सर्वांत मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. आत गेलेला दाब पसरत राहिला होता. ओक्लाहोमात तेलविहिरींचे खारे पाणी खोलवर सोडल्याने २०१६ मध्ये ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. आणि नेपाळमध्ये तर माणसाचा हात नसतानाही हे दिसते. पावसाळ्यात गंगेच्या मैदानावर साचलेले पाणी ओसरले की हिवाळ्यात हिमालयातील बारीक हादऱ्यांची संख्या वाढते.

मग बोअरवेलचे काय?

मराठवाड्यात ही शंका गावागावांत ऐकू येते. हजार फूट खाली गेलो, जमीन पोकळ झाली, म्हणून ती हलते, असे लोक म्हणतात. हे लोक अडाणी आहेत म्हणून नव्हे, तर त्यांनी विहीर पन्नास फुटांवरून बोअर हजार फुटांपर्यंत जाताना डोळ्यांनी पाहिलेले आहे म्हणून. शंकेला उत्तर द्यायचे तर आकड्यांनीच द्यायला हवे.

हजार फूट म्हणजे ३०५ मीटर. किल्लारीत बेसाल्टचा थरच ३३८ मीटर जाड आहे, म्हणजे इतका खोल बोअरही पांघरुणाच्या आतच राहतो. द्वीपकल्पातील भूकंपांची नाभी उथळ म्हटली तरी पाच-दहा किलोमीटर खाली असते. बोअरच्या तळापासून किमान पंधरापट खोल. शिवाय सहा इंची छिद्राने खडक पोकळ होत नाही. बेसाल्टमध्ये मुळात पोकळी नसतेच. पाणी असते ते मुरमात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात.

मग पाण्याचा उपसा? येथे स्पेनमधील लोर्का या शहराचे उदाहरण दिले जाते आणि ते खरे आहे. मे २०११ मध्ये तेथे ५.१ तीव्रतेचा भूकंप होऊन नऊ जणांचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शेतीसाठीच्या उपशाने पाच दशकांत भूजल अडीचशे मीटर खाली गेल्यामुळे भेगेवरील ताण बदलला, असा निष्कर्ष निघाला. पण लोर्काचे खोरे जाड गाळाचे आहे. गाळात पाणी भरपूर मावते, म्हणून ते काढले की भारही मोठा कमी होतो. बेसाल्टमध्ये पाणी मावते शेकड्याला एक ते तीन भाग. मराठवाड्यातील विहिरींची पातळी पाच मीटरने घसरली, तर प्रत्यक्षात जमिनीवरून उतरलेले पाणी साधारण दहा सेंटीमीटर उंचीच्या थराइतके भरते. कोयनेच्या जलाशयाशी तुलना करता हा भार नगण्य आहे.

तेव्हा बोअरवेलमुळे हिंगोलीची जमीन हादरते, या म्हणण्याला भूशास्त्राचा आधार मिळत नाही. पाण्याचा अजिबात संबंध नाही, असेही मात्र म्हणता येत नाही. द्वीपकल्पात अनेक ठिकाणी लहान धक्क्यांच्या मालिका पावसाळ्यानंतर सुरू होताना दिसल्या आहेत. पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी परिसरात नोव्हेंबर २०१८ मध्ये अशीच मालिका सुरू झाली. हजारो हादरे नोंदले गेले, मोठे धक्के चारच्या आसपास होते, आणि ऐन थंडीत धुंदलवाडी परिसरातील कुटुंबांना तंबूंत रात्री काढाव्या लागल्या. पावसाचे पाणी भेगांत मुरल्याने हे होते, असे एक मत. पण मालिका उन्हाळ्यातही थांबली नाही, त्यामुळे भेगेचे संथ सरकणे हे दुसरे कारण काही अभ्यासकांनी मांडले. दोन्ही एकत्र असू शकतात.

आवाजांचे कोडे त्यामानाने सोपे आहे. नाभी उथळ असेल आणि वरचा खडक कठीण, तर भूकंपलहरींचा उच्च कंपनाचा भाग वाटेत विरत नाही. तो जमिनीतून हवेत शिरतो आणि सुरुंगासारखा ऐकू येतो. दोन तीव्रतेचा धक्काही असा गडगडाट करू शकतो, जो भूकंपमापक दूर असेल तर नोंदलाही जात नाही. मग गावकरी आवाज आल्याचे सांगतात आणि यंत्रणा ‘नोंद नाही’ म्हणते. दोघेही खरे बोलत असतात.

भूजलाचे संकट वेगळे आणि जुने

बोअरवेलला भूकंपाच्या आरोपातून मोकळे करणे म्हणजे त्याला निर्दोष ठरवणे नव्हे. विहीर खणणाऱ्यांच्या भाषेत वरून खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. पहिल्या दोहोंत पाणी थांबते. पाषाणात ते फक्त भेगेत सापडते, आणि ती भेग बोअरला लागली तर. दरवर्षीचा पाऊस भरतो तो प्रामुख्याने वरच्या साठ-सत्तर फुटांतल्या साठ्याला. त्याखालच्या भेगांत असलेले पाणी तेथे पोहोचायला कितीतरी जास्त काळ लागलेला असतो. सातशे फुटांवर ‘लागलेले’ पाणी पहिल्या वर्षी जोरात येते आणि तिसऱ्या वर्षी आटते, याचे कारण एवढेच.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, ते या हिशेबाचे टोक होते. राज्याच्या भूजल कायद्याने साठ मीटर किंवा त्याहून खोल विहिरी ‘खोल विहिरी’ ठरवून शेती व उद्योगासाठी त्यांना मनाई केली आहे. हा कायदा २००९ चा, राष्ट्रपतींच्या मंजुरीनंतर अमलात आला २०१४ मध्ये. साठ मीटर म्हणजे जेमतेम दोनशे फूट. बोअरच्या गाड्या मात्र दिवसाढवळ्या त्याच्या तिप्पट-चौपट खोली गाठत असतात, आणि त्यांचा आवाज ऐकायला भूकंपमापक लागत नाही.

येथेच दोन प्रश्नांची सरमिसळ घातक ठरते. बोअरवेल वाईट आहे कारण ती भूकंप आणते, असे मानले की भूकंप थांबल्यावर बोअरवेलची काळजीही थांबते. आणि भूकंपाचे खापर बोअरवेलवर फोडले की घराच्या भिंतीकडे पाहण्याचे राहून जाते.

धोका किती? किल्लारीशी तुलना योग्य आहे का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीला झालेला भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. रिश्टर प्रमाणावर एका अंकाने ऊर्जा सुमारे बत्तीस पट वाढते. हिंगोलीचा ४.५ आणि किल्लारीचा ६.२ यांत ऊर्जेचा फरक साडेतीनशे पटींचा आहे. तेव्हा ‘किल्लारीची पुनरावृत्ती थोडक्यात टळली’ अशा मथळ्यांना अर्थ नाही. लहान धक्क्यांनी ताण निघून जातो आणि मोठा भूकंप टळतो, हे दिलासादायक विधानही याच गणितामुळे टिकत नाही. साडेतीनशे धक्के बसावे लागतील.

दुसरी बाजूही सांगायला हवी. किल्लारीतही १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात धक्क्यांची मालिका झाली होती. १८ ऑक्टोबरचा धक्का चारहून अधिक तीव्रतेचा होता. मग शांतता पसरली आणि अकरा महिन्यांनी गावे जमीनदोस्त झाली. अशा बहुतेक मालिका काहीही न घडता संपतात. कोणती संपणार नाही, हे आधी ओळखण्याची पद्धत जगात कुणाकडेही नाही. जवळच्या निम्न तेरणा जलाशयाने किल्लारीला चालना दिली असावी, अशी शक्यता काही संशोधकांनी मांडली होती. पण जलाशय लहान होता आणि पुरावा निर्णायक ठरला नाही.

किल्लारीत आठ ते दहा हजारांच्या दरम्यान माणसे गेली, ती भूकंपाच्या आकारामुळे नव्हे. ६.२ हा मध्यम भूकंप आहे. जपानमध्ये तो एखाद दिवसाची बातमी ठरतो. माणसे गेली ती माळवदाखाली. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडी भिंती, आतून-बाहेरून दगडांचे दोन पदर आणि मध्ये माती व खडी. त्यावर लाकडी तुळया, फळ्या आणि दरवर्षी भर घालत गेलेला मातीचा जड थर. उन्हाळ्यात हे घर गार राहते आणि दुष्काळी मुलखात ते परवडणारेही होते. मात्र हादऱ्यात भिंतीचे दोन पदर एकमेकांपासून सुटले, बाहेर फुगले आणि वरची माती झोपलेल्या माणसांवर आली. आदल्या रात्री गणेश विसर्जन होते. गावे उशिरा झोपली होती.

नंतरच्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक गावांत जुनीच घरे दुरुस्त, मजबूत करण्याचा कार्यक्रम राबवला गेला. तो लातूर-धाराशिव आणि आसपासच्या पट्ट्यापुरता राहिला. हिंगोली, नांदेड, परभणीतील जुनी दगड-मातीची घरे आहेत तशीच आहेत. काहींवर माळवद जाऊन पत्रे आले, भिंती त्याच. २००२ मध्ये सुधारलेल्या नकाशाने पहिले क्षेत्र रद्द केले आणि किल्लारी तिसऱ्या क्षेत्रात गेले. पण नकाशातला रंग बदलल्याने जुनी भिंत मजबूत होत नाही, आणि नवे बांधकाम भूकंपरोधक आहे का, हे ग्रामीण भागात तपासणारे क्वचितच कुणी असते.

यंत्रणांकडून काय अपेक्षित?

मार्चच्या धक्क्यांनंतर नांदेड-हिंगोलीत प्रशासनाने एक साधे आवाहन केले. पत्र्याच्या घरांवर वाऱ्यापासून बचावासाठी ठेवलेले दगड काढून घ्यावेत. आवाहन अगदी योग्य होते. ४.५ तीव्रतेत भिंत पडण्याची शक्यता कमी, पण छपरावरचा दहा किलोचा धोंडा खाली येण्याची मोठी. मात्र त्याच पत्र्याला मेमधील वादळवारेही तोंड द्यायचे असते. दगड काढायचे तर पत्रा लोखंडी हुक आणि बोल्टने वाशांना घट्ट बांधायला हवा, आणि ते आवाहनाने होत नाही, त्याला पैसे लागतात. घरकुल योजनांच्या अनुदानात याची तरतूद करणे अवघड नाही.

भिंतींसाठीही उपाय माहितीचे आहेत. दोन पदरांना जोडणारे आरपार दगड ठरावीक अंतरावर बसवणे, दारे-खिडक्यांच्या वरून चारही भिंतींना बांधणारा काँक्रीटचा पट्टा देणे, माळवदावरची माती कमी करणे. किल्लारीनंतर लातूर जिल्ह्यातील गवंड्यांना हे शिकवले गेले होते. ते गवंडी आता साठीच्या घरात आहेत आणि त्यांचे कसब पुढच्या पिढीकडे गेलेले नाही, कारण पुढची पिढी दगडात बांधतच नाही. हिंगोलीतील जुन्या घरांच्या मजबुतीकरणासाठी हे कसब पुन्हा लागेल.

दुसरी गरज भूकंपमापकांच्या जाळ्याची. पालघरमध्ये मालिका सुरू झाल्यावर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिक संशोधन संस्थेने तेथे उपकरणे बसवली आणि तेव्हा कुठे धक्क्यांची नेमकी खोली कळू लागली. वसमत-कळमनुरी पट्ट्यात तसे कायमस्वरूपी, दाट जाळे असेल तर तीन-चार वर्षांत बेसाल्टखालच्या भेगेची रेघ उमटेल. सोबत त्याच परिसरातील निरीक्षण विहिरींची पातळी नोंदत गेल्यास पावसाचा आणि धक्क्यांचा संबंध तर्काने न ठरवता मोजून ठरवता येईल. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडे निरीक्षण विहिरींचे जाळे १९७० च्या दशकापासून आहे. त्या विहिरींची पातळी वर्षातून मोजक्या वेळा हाताने घेण्याऐवजी स्वयंचलित यंत्राने दर तासाला घेतली, तर धक्क्याच्या आधी आणि नंतर पाण्याने काय केले हेही त्यात दिसेल.